मावसाजी मशीन पाहतात

निवड करण्यासाठीच जन्माला आलेला, आणि म्हणूनच जन्मात एकही निवड वेळेवर पुरी न करू शकलेला असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि माझ्या नशिबानं तो माझ्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना मावसाजी म्हणत असू. वाशीमकडच्या शिरपूरला गावाबाहेर त्यांचा मळा होता. त्या मळ्यातली वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, जवळच्या मालेगावच्या बाजारात टोपलं जमिनीला टेकायच्या आत उठून जात, आणि याचंही कारण त्यांची ही खोडच. वांग्याच्या ओळीतून चालताना प्रत्येक झाडाचं एक तरी पान उलटं करून त्याची खालची बाजू पाहिल्याशिवाय मावसाजींचा पाय पुढं पडत नसे. "वरून सारंच साजरं दिसते, मास्तर," ते मला म्हणत. मी मालेगावच्या शाळेत शिकवत होतो म्हणून त्यांच्या लेखी मी भाचा कमी आणि मास्तर जास्त. "कीड खालून राह्यते. मले वरचं दाखवू नोको." बोलणं खरं होतं. पण वांग्याच्या पानाला लावायचा न्याय हा माणूस चपला, दोरखंड, पाटीवरची पेन्सिल आणि पाहुण्यांनी आणलेले पेढे, सगळ्यांना लावायचा आणि सोबतच्या माणसाच्या तोंडाला फेस आणायचा.

चपलांचंच घ्या. पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा, अशा बोलीवर आणलेल्या मालाला बाजारात जाकड म्हणतात. मावसाजींचं सगळं आयुष्य जाकडावर चालत होतं. एकदा त्यांनी दोन दुकानांतून दोन जोड जाकड आणले आणि तुलना नीट व्हावी म्हणून उजव्या पायात एका दुकानाची आणि डाव्या पायात दुसऱ्या दुकानाची चप्पल घालून पंधरा दिवस काढले. त्याच पंधरवड्यात माझं लग्न होतं. माझ्या सासऱ्यांनी मावसाजींचे पाय धुवायला घेतले तेव्हा त्या दोन रंगांच्या दोन चपला पाहून ते क्षणभर थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला संशय पुढं कितीतरी वर्षं गेला नाही. बैल घ्यायचा तर मावसाजी त्याचे दात, भोवरे, खूर आणि शेपटीचा गोंडा पाहत, त्याला चालवत, थांबवत, पुन्हा चालवत, आणि बाजार उठायच्या वेळी म्हणत, "बैल सोन्यासारखा हाये, पन पाह्यते कसा पाहा ना. मनात काईतरी हाये त्याच्या." एका व्यापाऱ्यानं वैतागून त्यांना विचारलं होतं, "पाटील, तुमाले बैल पाह्यजे का जावई?"

तो बिचारा सहज बोलून गेला, पण मावसाजींचा चेहरा उतरलेला मी पाहिला. कारण जन्मात एकच गोष्ट त्यांनी पहिल्या बैठकीत पसंत केली होती, आणि ती म्हणजे त्यांचा जावई. रिसोडकडचं मोठं घर, दारात बैलांच्या दोन दमण्या, मुलगा देखणा आणि बोलायला गोड. मावशी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि पोरीचं लग्न डोळ्यांनी पाहायचं म्हणून हट्ट धरून होती. मावसाजींनी काही उलटून पाहिलं नाही. मावशीनं लग्न पाहिलं आणि महिनाभरात ती गेली. दुसऱ्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी, द्वारका, म्हणजे आमची द्वारकी, चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली. तिला न्यायला सासरचा मुराळी यायला हवा होता. चार दिवसांचे चार महिने झाले, मग वर्ष झालं, पण कुणी आलं नाही. तिला टाकली, हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. मावसाजी एवढंच म्हणत, "पेरनी आटपली का येतीन." पेरणी आटपली की म्हणत, "आता सुगी हाये त्याईची."

द्वारकीच्या हातात मात्र जादू होती. बारशाच्या कुंच्या आणि टोपडी ती शिवायची आणि त्यांवर साखळी टाक्यानं वेल काढायची. सुईच्या एका टाक्याच्या पोटातून दुसरा टाका निघतो, त्यातून तिसरा, आणि बघता बघता कापडावर कड्यांची साखळी पसरत जाते. हातानं एक टोपडं पुरं व्हायला आठ दिवस लागत. वाशीमच्या एका कापडवाल्या शेटजींच्या घरी तिचं टोपडं कुणाच्या तरी बारशाला गेलं, ते त्यांनी पाहिलं आणि आम्हाला बोलावून घेतलं. शेटजी म्हणाले, "हातानं कुठवर पुरं पडाचं? जुन्या जमान्याची एका दोऱ्याची मशीन येत होती, हातानं फिरवाची. ते साखयी टाका घालते. नवी घेऊ नका, नव्या सगळ्या दोन दोऱ्याच्या, त्याईचा टाका सरळ. जुनी पाहून घ्या. मंग पोरीच्या हाताले मी काम कमी पडू देनार नाही." द्वारकीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो उजेड आला तो मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. परतताना मोटारीत ती मला हळूच म्हणाली, "दादा, मशीन आली का मी कोनाच्या जिवावर नाई ना राह्यनार?" मी म्हणालो, महिन्याभरात येईल. मी शिक्षक होतो, म्हणजे मला जग कळतं असं मला वाटत होतं.

"जुनी पाहून घ्या," हे शेटजींचे शब्द. एखाद्या तहानलेल्याला विहीर दाखवावी तसं त्यांनी मावसाजींना 'पाहून घ्या' म्हणून सांगितलं होतं. त्यानंतरची चार वर्षं, माझ्या सगळ्या रविवारांसकट, सगळ्या सणावारांच्या सुट्ट्यांसकट, मी मावसाजींबरोबर मशिनी पाहत हिंडलो. पैशाची अडचण नव्हती, ते बाजूला काढून ठेवलेले होते. मशिनींचीही नव्हती. कुणी टेलर म्हातारा होई, कुणाची सून नवं मशीन मागे, आणि जुनं मशीन विकायला निघाल्याची बातमी आमच्यापर्यंत येई. अडचण होती ती मावसाजींची. मालेगावच्या एका टेलरकडचं मशीन त्यांनी सर्व बाजूंनी हात फिरवून पाहिलं, खाली वाकून त्याचं पोट पाहिलं, आणि पुढच्या दोन पायांत मागच्या पायांपेक्षा जोर कमी आहे असा निकाल दिला. मशीन लाकडी फळीवर बसवलेलं होतं, त्याला पाय नव्हतेच. वाशीमला एका पेन्शनर वकिलांच्या घरचं मशीन त्यांनी नाकारलं, कारण त्याच्यावरची सोनेरी फुलं एका बाजूनं उडालेली होती. "मालकीन एकाच बाजूनं बसत होती, दुसऱ्या बाजूले कोनी फिरकलं नाही. असं घर मले पाह्यजे नाही," ते म्हणाले. एक मशीन त्यांनी केवळ आवाजावरून परत केलं. म्हणे, ते कण्हतं. मी त्यांना सांगितलं की तेल घातलं तर थांबेल. त्यावर ते म्हणाले, "कन्हनं तेलानं थांबत नाई, मास्तर."

एकदा मात्र माझी आशा अगदी हाताशी आली होती. मंगरुळपीरकडचं एक मशीन त्यांनी जाकड घरी आणलं. द्वारकीनं रांगोळी काढली, मशिनीला हळदकुंकू वाहिलं. आणि मावसाजींनी ते उचलून थेट गोठ्यात नेऊन ठेवलं. काहून, म्हणून विचारलं तर म्हणाले, बैल बुजतात का ते पाहायचंय. बैल ज्याला बुजतात ते घरात ठेवू नये. आठ दिवस ते मशीन गव्हाणीशेजारी कडब्याच्या धुळीत उभं होतं. द्वारकी रोज त्यावरचा कचरा पदरानं पुसायची आणि बैलांकडे अशा नजरेनं पाहायची की त्या मुक्या जनावरांचाही जीव खालीवर होत असावा. बैल काही बुजले नाहीत. उलट पवळ्या नावाचा बैल त्या मशिनीची मूठ चाटू लागला. नवव्या दिवशी मावसाजींनी जाहीर केलं की बैलाला एवढं आवडणारं मशीन बाईमाणसाच्या कामाचं नाही, आणि ते परत गेलं. त्या दिवशी मी शाळेत पोरांना विनाकारण मारलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या वर्षी कारंज्याहून निरोप आला. एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे एका दोऱ्याचं मशीन आलं होतं. दोन मोटारी बदलून आम्ही तिथं पोचलो. मावसाजींनी त्या मशिनीला तीन प्रदक्षिणा घातल्या. मिस्त्री दाढीत हसत म्हणाला, "चच्चा, मशीन है, गाय नहीं. दूध नहीं देगी." तेवढ्यात त्याची नमाजाची वेळ झाली. "तुम लोग चलाके देखो, मैं आया," म्हणून तो गेला. मावसाजींनी मूठ धरली, मी फळीवरची एक चिंधी सुईखाली सरकवली, आणि मशीन अगदी लोण्यासारखं चाललं. वीतभर शिवून झाल्यावर आम्ही चिंधी काढून पाहिली. वर साधी सरळ टिपेची रेघ होती. साखळीचा पत्ता नव्हता. "साखयी कुठी हाये, मास्तर? हे तं सरळ टाके हायेत," मावसाजी म्हणाले. मला शर्टाची तुटलेली गुंडीही लावता येत नाही, मी मान डोलावली. मिस्त्रीनं फसवलं, आता त्याच्याशी तोंड कोण वाजवणार, म्हणून तो यायच्या आत आम्ही निघालोसुद्धा. मावसाजींनी ती चिंधी सदऱ्याच्या खिशात कोंबली होती.

चार दिवसांनी द्वारकी धुणं धुवायला बसली, तेव्हा ती चिंधी तिच्या हातात आली. तिनं ती उलटी केली. खालच्या बाजूला, एकात एक ओवलेली, बारीक, रेखीव साखळी होती. त्या मशिनीची साखळी कापडाच्या पोटाकडून पडते, आणि वेल काढायचा तर कापड उलटं धरून शिवायचं, एवढी साधी गोष्ट. धुणं तसंच टाकून ती चिंधी घेऊन शिरपूरहून मालेगावला माझ्याकडे आली. "दादा, तुमी तिथं हे उलटून नाई पाह्यलं?" एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून एकटाच कारंज्याला गेलो. मशीन अमरावतीच्या गिऱ्हाइकानं नेलं होतं. मिस्त्री हळहळला. "अरे भई, इतनी जल्दी क्या थी? दो मिनट रुकते तो मैं पलटा के दिखाता."

परतीच्या मोटारीत मी स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. मंगरुळपीर मागं पडलं आणि एकाएकी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चिंधी उलटी केली नाही, ठीक आहे, मी गाढव. पण मावसाजी? वांग्याचं पान उलटं केल्याशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस चिंधी उलटी करायची कशी विसरला?

मी मोटारीतून उतरलो तो तडक मळ्यात गेलो. मावसाजी दांडातलं पाणी मेथीच्या वाफ्यात वळवत होते. मी कसलीही प्रस्तावना न करता म्हणालो, "मावसाजी, तुमी चिंधी उलटून पाह्यली होती."

त्यांनी फावडं थांबवलं नाही. "पाह्यली होती."

"मंग?"

वाफा भरला, त्यांनी त्याचं तोंड मातीनं बंद केलं आणि पाणी पुढं सोडलं. मग म्हणाले, "मशीन घरात आली का लोक म्हनतीन, पोरीनं बापाच्या घरी बस्तान मांडलं. हे तिच्या सासरी कानावर जाईन. मंग कोन येईन तिले न्यायले? तवापावतर हात मोकया राहू दे तिचा. आला मुराळी तं उठून जाता आलं पाह्यजे."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. तीन वर्षं माझा आणि त्या पोरीचा जीव टांगणीला लावून हा माणूस मशिनींची फुलं मोजत होता. काय काय बोलायचं ते मी मोटारीत जुळवून आणलं होतं. पण त्यांनी तोंड फिरवलं आणि पुढच्या वाफ्याकडे गेले, आणि पाठमोरे ते एवढेसे दिसले की मला काही बोलवलं नाही. म्हणजे तो गोठा, ते कण्हणं, ते नसलेले पाय, सगळं खोटं होतं. आम्ही मशीन शोधत नव्हतोच. आम्ही एका मुराळ्याची वाट पाहत गावोगाव हिंडत होतो. द्वारकीला मी हे सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मावसाजी रिसोडच्या वाटेवरचं एक मशीन पाहायला निघाले, तेव्हा मी मुकाट्यानं पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. ते मशीनही आम्हाला अर्थातच पसंत पडलं नाही.

त्यानंतर वर्षानं, मालेगावच्या बाजारात, एका ओळखीच्या माणसानं वांगी घेता घेता त्यांना सहज विचारलं, "तुमच्या जावयानं दुसरी केली म्हनतेत, खरं हाये काय?" त्याला वाटलं होतं, यांना माहीत असेल. मावसाजींनी त्याची वांगी नीट तोलून दिली, वर दोन घातली. मग भरली टोपली शेजारणीच्या हवाली करून ते उठले आणि वाशीमच्या मोटारीत बसले.

संध्याकाळी मला निरोप मिळाला म्हणून मी शिरपूरला गेलो, तर ओसरीवर मशीन होतं. एका दोऱ्याचं, साखळी टाक्याचं. चार वर्षांत पाहिलेल्या सगळ्या मशिनींत इतकं भंगार मी पाहिलं नव्हतं. रंग उडालेला, मूठ जड, सुई किंचित वाकलेली, फळीला तडा. वाशीमच्या ज्या पहिल्या दुकानात विचारलं तिथं जे पुढं केलं ते त्यांनी उचलून आणलं होतं. जाकडसुद्धा नाही, रोख. द्वारकी पुढं बसून त्याच्यावर हात फिरवत होती. तिनंच शेवटी विचारलं, "बाबा, पाहून नाई घेतली?"

मावसाजी खांबाला टेकून उभे होते. "आता काय पाहाचं, बाई," ते म्हणाले. "तुले तं इथंच राहाचं हाये." आणि ते मळ्याकडे निघून गेले.

मी द्वारकीला धीराचे काही शब्द सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू द्या, दादा. मले ठाऊक होतं. ती चिंधी धुतली तवापासून ठाऊक होतं, बाबा उलटून पाह्यल्याबिगर राह्यनार नाई. पन बाबाले वाट पाहाची होती, तं मी बी पाह्यली."

ते मशीन तिला एकटीला चालवता येईना. मूठ इतकी जड, की ती फिरवण्यात एक हात गुंतला की वेलीच्या वळणाला कापड फिरवायला दुसरा हात पुरत नसे. मग मूठ मावसाजी फिरवू लागले. दुपारी मळ्यातून यायचे, हातपाय धुवायचे आणि तिच्या शेजारी बसकर टाकून बसायचे. ती कापड उलटं धरून दोन्ही हातांनी वळवायची, हे मूठ फिरवायचे. दोघं फारसं बोलत नसत. शेटजींनी शब्द पाळला. वाशीमपासून अकोल्यापर्यंत बाळांच्या डोक्यांवर शिरपूरची टोपडी दिसू लागली. द्वारकी आपल्या हातानं मिळवू लागली आणि पुढं तिच्या चेहऱ्यावर थोडा थोडा उजेडही परत आला. मावसाजींच्या चेहऱ्यावर मात्र नाही. आणि एक गोष्ट फार वाईट झाली. त्यांनी निवडणं सोडून दिलं. दुकानदार देईल ती चप्पल पायात घालत, व्यापारी सोडेल तो बैल हाकून आणत. एका वर्षी वांग्यांना कीड लागून अर्धा मळा गेला. गावातले लोक म्हणाले, म्हातारा सुधारला, आता कटकट करत नाही. मला त्यांची ती कटकट हवी होती. पुन्हा एकदा मला घेऊन चार गावं हिंडावं, मशिनीला पाय जोडावेत, बैलांच्या मनातलं ओळखावं आणि माझा रविवार मातीत घालावा, असं मला वाटायचं. पण त्यांनी पुन्हा कधी मला बरोबर चला म्हटलं नाही.

दुसरं महायुद्ध संपायच्या आदल्या उन्हाळ्यात मावसाजी गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले. शेटजींची टोपडी अडकून पडली होती, म्हणून द्वारकी मशिनीपुढं बसली आणि मला म्हणाली, "दादा, जरा मूठ धरता काय?" मी बसकर टाकून बसलो आणि फिरवू लागलो. पहिल्याच वळणाला सुई वेल सोडून सरळ पुढं धावली. तिनं दोऱ्याचं टोक धरून ओढलं, सगळी शिवण एका ओढीनं निघून आली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. असं चार वेळा झालं.

"हळू, दादा," ती म्हणाली. "बाबा वळनाले थांबत. मले सांगाव नाई लागे. मी कापड वळवाच्या आंधीच थांबत."

मी थांबायचा फार प्रयत्न केला. पण प्रत्येक वेळी वळण येऊन गेल्यावरच मला कळत होतं.